नवी कल्पना नस्तीपर्यंत (फाइलपर्यंत) पोहोचवताना: उद्याने, मैदाने आणि नाट्यगृहे सांभाळणाऱ्यांसाठी

मी नगरपालिकेच्या सेवेत असताना आमच्या एका बागेत रोज संध्याकाळी साडेपाचला हिरवळीवर पाणी मारले जाई. कामाच्या तक्त्यात तीच वेळ लिहिलेली होती, आणि तो तक्ता कोणी व कधी केला हे कोणालाच आठवत नव्हते. शाळा सुटून मुले नेमकी त्याच वेळी बागेत येत आणि आमचे माळीमामा त्यांना हिरवळीवरून बाजूला काढत. एकदा पाहणीला गेलो असता मी सहज विचारले, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, पाणी पहाटं मारलं तर कमी लागंल आणि पोरंबी खेळतील. पण तक्त्यात संध्याकाळ लिवलीया." ही गोष्ट त्यांना चार वर्षांपासून ठाऊक होती. वेळ बदलायला माझ्या सहीची एक ओळ पुरली. खर्च काहीच आला नाही, उलट पाणी वाचले आणि संध्याकाळी हिरवळ मुलांनी भरून गेली.

बागा, मैदाने, जलतरण तलाव, व्यायामशाळा, नाट्यगृहे आणि नदीचे घाट या सार्वजनिक विरंगुळ्याच्या सोयी सांभाळणाऱ्या विभागांत कल्पनांचा तुटवडा असतो, असे मला कधीच वाटले नाही. कल्पना असतात, पण त्या माळी, वॉचमन, जीवरक्षक आणि सफाई कामगार यांच्याजवळ असतात, आणि तिथून अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत येणारी वाट बुजलेली असते. ती वाट मोकळी करणे आणि मोकळी ठेवणे हे विभागप्रमुखाचे पहिले काम आहे. स्वतःला किती नवे सुचते, हा प्रश्न त्यानंतरचा. उद्यान अधीक्षक, क्रीडा अधिकारी, नाट्यगृहाचे व्यवस्थापक आणि प्रभागातील अधिकारी यांना हे काम क्रमाने कसे करता येईल, ते मी सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन शहरे डोळ्यांसमोर ठेवून पुढे मांडतो.

पहिली पायरी: आपला अधिकार किती, ते कागदावर लिहून काढा

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नागरी स्थानिक संस्थांसाठी जी बारावी अनुसूची आली, तिच्यातील १८ विषयांमध्ये उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची सोय आणि सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हे दोन विषय आहेत. महानगरपालिका अधिनियमात मात्र या सोयी बहुतांशी ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. त्यामुळे अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती आधी इथे लागते, आणि विभागातील माणसेही आपले काम दुय्यम आहे असे मानू लागतात. मला याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. पाणीपुरवठ्यात किंवा मैलानिस्सारणात काय द्यायचे हे बरेचसे ठरलेले असते. बागेत काय द्यायचे हे बरेचसे मोकळे आहे, आणि ही मोकळीक फारच थोडे अधिकारी वापरतात.

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात जे आपल्या सहीने होते ते लिहा, दुसऱ्यात ज्याला उपायुक्त किंवा आयुक्त यांची मंजुरी लागते ते, आणि तिसऱ्यात ज्यासाठी स्थायी समितीचा किंवा महासभेचा ठराव लागतो ते. कामाच्या वेळा, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, बाकांची जागा, फाटक कुठले उघडे ठेवायचे, फलकावरील मजकूर काय असावा, मोकळ्या कोपऱ्यात कोणत्या दिवशी काय चालू द्यायचे, अशा गोष्टी पहिल्या रकान्यात येतात. हा रकाना बहुतेकांना वाटतो त्याहून लांब निघतो. निदान पहिले सहा महिने त्याच रकान्यात काम करावे.

दुसरी पायरी: आठवडाभर बसून मोजा

नव्या खेळण्यांची यादी करण्याआधी बागेत जाऊन बसावे. सकाळी साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ अशा चार वेळा धराव्यात, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे मोजावे, आणि आठवड्यातील एक कामाचा दिवस, शनिवार, रविवार व त्या भागाच्या बाजाराचा दिवस हे चार दिवस निवडावेत. सहा वर्षांखालील मुले, सहा ते बारा वयाची मुले, तेरा ते अठरा वयाचे मुलगे आणि त्याच वयाच्या मुली वेगवेगळ्या, प्रौढ स्त्रिया, प्रौढ पुरुष, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग व्यक्ती असे खाने पुरेसे होतात. आकड्यांइतकाच शेवटचा एक खाना महत्त्वाचा आहे, आणि त्यात माणसे काय करत होती ते लिहायचे. उभी होती की बसली होती, खेळत होती की वाट पाहत होती, घसरगुंडीवरून वरून खाली येत होती की खालून वर चढत होती, हे सगळे नोंदवायचे. घसरगुंडीवर उलटे चढणारे मूल आपल्याला सांगत असते की त्याला चढायला काही तरी हवे आहे आणि बागेत ते नाही.

हे मोजमाप ठेकेदाराकडून करून घेऊ नये. ते त्या बागेच्या माळ्याने, वॉचमनने आणि अधिकाऱ्याने मिळून करावे, कारण एकत्र बसून पाहिल्याने जी समज येते ती अहवालातून येत नाही. अधिकाऱ्याने चारांपैकी निदान दोन वेळा स्वतः बसावे, आणि गणवेशातील शिपाई बरोबर न घेता बसावे.

मग तक्ता उलटा वाचावा, म्हणजे कोण आले नाही ते शोधावे. सांगलीच्या आमराईसारख्या जुन्या, सावलीच्या जागेत पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी आपोआप होते. त्यांची सोय पाहणे सोपे असते, कारण तेच निवेदने देतात आणि त्यांनाच अधिकाऱ्याचा फोन नंबर माहीत असतो. बारा वर्षांवरील मुली बहुतेक बागांतून दिसेनाशा होतात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार पाळी संपवून येतो तेव्हा फाटक बंद झालेले असते. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुले शहराच्या कडेला चार-पाच महिने राहतात, आणि ती कोणत्याच बागेच्या हिशोबात नसतात. नव्या कल्पनेची खरी गरज या माणसांना असते, म्हणून विभागाने पहिला प्रश्न यांच्यापैकी एकाचाच घ्यावा. एका वेळी एकच घ्यावा.

तिसरी पायरी: अशी बैठक, जिच्यात साहेब शेवटी बोलतात

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि तिच्यावर बाकी सगळे अवलंबून आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आपल्या कार्यालयांत बैठक म्हणजे साहेबांनी बोलायचे आणि इतरांनी "होय साहेब" म्हणायचे, अशी सवय असते. ही सवय कर्मचाऱ्यांच्या आळसातून आलेली नसून अनुभवातून आलेली असते. मानधनावरच्या माणसाचा आदेश दर काही महिन्यांनी वाढवून घ्यावा लागतो, ठेकेदाराकडच्या माणसाला उद्या दुसऱ्या ठिकाणी पाठवले जाऊ शकते, आणि कायम कर्मचाऱ्याने काही सुचवले व ते बिघडले तर खुलासा त्यालाच मागितला जातो. अशा माणसाने गप्प राहणे शहाणपणाचे असते. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये चुका जास्त नोंदवलेल्या आढळल्या. त्या चमू अधिक चुका करत होत्या असा याचा अर्थ निघाला नाही. तिथल्या परिचारिकांना चूक उघड सांगण्याची भीती वाटत नव्हती, असा निघाला. बागेतही हेच लागू पडते. ज्या विभागातून एकही तक्रार किंवा सूचना वर येत नाही, तो विभाग सुरळीत चालला आहे असे समजू नये.

बैठक आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आणि कार्यालयाऐवजी कामाच्या जागी घ्यावी. एका सोमवारी बागेत, पुढच्या सोमवारी जलतरण तलावावर, त्यानंतर नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर. सर्वांनी एकाच प्रकारच्या आसनावर बसावे, साहेबांसाठी वेगळी खुर्ची आणू नये. बोलण्याचा क्रम ठरवून द्यावा. सर्वांत कमी पगाराचा माणूस आधी बोलेल, मग मुकादम, मग लिपिक, मग अभियंता, आणि अधिकारी सर्वांत शेवटी. अधिकाऱ्याने आधी मत दिले की पुढची सगळी मते त्याच मताची नक्कल होतात.

प्रश्नही नेमका असावा. "काही सूचना आहेत का?" असे विचारले की उत्तर "नाही साहेब" असेच येते. त्याऐवजी "मावशी, या आठवड्यात बागेत आलेल्या माणसांपैकी कोण नाराज होऊन परत गेले?" किंवा "काका, तुम्ही रोज करता त्यातले कोणते काम केले नाही तरी कोणाला कळणार नाही?" असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे असते, कारण नव्या कामासाठी वेळ तिथूनच निघतो. मनुष्यबळ वाढवून मिळेल या आशेवर कोणतीही कल्पना उभी करू नये.

पहिल्या तीन-चार बैठकांत फारसे काही निघणार नाही. तरीही त्या घेत राहाव्यात. पहिली सूचना आली की ती लहान असली तरी त्याच आठवड्यात अमलात आणावी आणि पुढच्या बैठकीत सुचवणाऱ्याचे नाव घेऊन सांगावी. जी सूचना अमलात येऊ शकत नाही तिचे कारणही त्याच माणसाला, सर्वांसमोर आणि आदराने सांगावे. "बघू" हा शब्द या बैठकीत अधिकाऱ्याने वापरू नये. माझ्या अनुभवात या एका शब्दाने जितक्या कल्पना मेल्या, तितक्या स्पष्ट नकाराने मेल्या नाहीत.

चौथी पायरी: लहान प्रयोग, लिहून केलेला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कोपनहेगनच्या एम्ड्रप भागात फळकुटे, विटा आणि टाकाऊ वस्तू घेऊन मुलांनी स्वतः काही उभारायचे असे एक मैदान सुरू झाले. त्यामागे सोरेन्सन या उद्यानरचनाकाराचे साधे निरीक्षण होते, की मुलांना बांधून दिलेल्या क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगारात खेळायला जास्त आवडते. युद्धानंतर, १९४७ पासून, ॲमस्टरडॅम शहराने आल्डो व्हॅन आयक या वास्तुकाराच्या हातून सुमारे तीन दशकांत ७०० हून अधिक क्रीडांगणे करवून घेतली. त्यांतली अनेक पडीक तुकड्यांवर होती आणि काही तात्पुरतीच होती. वाळूचा हौद, काही लोखंडी कमानी आणि उड्या मारायचे दगड एवढ्यावर ती उभी राहिली. ही उदाहरणे मी यासाठी देतो की युद्धाची झळ बसलेल्या, पैशाची चणचण असलेल्या शहरांत ती घडली, आणि दोन्ही ठिकाणी सुरुवात एका जागेपासून झाली.

आपल्याकडे प्रयोग म्हटले की लगेच शहरभर योजना, उद्घाटन आणि कोनशिला येते, आणि कोनशिला बसली की ती गोष्ट चुकली असे म्हणता येत नाही. म्हणून उद्घाटनाशिवाय, एका बागेत, सहा आठवड्यांसाठी करून पाहावे. त्याआधी एका पानाचे प्रयोगपत्र लिहावे आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात. आपण कोणता प्रश्न सोडवत आहोत, काय बदलणार आहोत, किती दिवस, किती खर्चात, आणि काय दिसले तर थांबवणार. पाचवी गोष्ट लोक लिहीत नाहीत, आणि तीच अधिकाऱ्याला वाचवते.

नस्तीवरील टिप्पणी साधारण अशी लिहिता येईल: "सदर उद्यानात १३ ते १८ वयोगटातील मुलींची उपस्थिती अत्यल्प असल्याचे सोबतच्या मोजणी तक्त्यावरून दिसून येते. त्याअनुषंगाने दक्षिणेकडील मोकळ्या जागेत सहा आठवड्यांच्या कालावधीसाठी प्रायोगिक तत्त्वावर बॅडमिंटन व रिंग टेनिसची व्यवस्था करणे प्रस्तावित आहे. साहित्य विभागाकडे उपलब्ध असून नवीन खर्च प्रस्तावित नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर उपस्थितीत वाढ न आढळल्यास प्रयोग बंद करून अहवाल सादर करण्यात येईल. सदर प्रयोगाची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकारांची राहील." शेवटचे वाक्य विभागप्रमुखाने आपल्या हाताने लिहावे. माळी किंवा क्रीडा शिक्षक नवे काही करायला धजावतो तो भाषण ऐकून धजावत नाही. बिघडले तर सही कोणाची आहे हे त्याला नस्तीवर दिसले, म्हणजे तो धजावतो.

काही गोष्टींत प्रयोग करायचाच नाही, हेही आधी जाहीर करावे. जलतरण तलावावरील जीवरक्षकांची संख्या, विजेची जोडणी, झोपाळ्याखालची मऊ जमीन, नाट्यगृहातील आपत्कालीन दरवाजे, झाडांची तोड आणि रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपक या बाबतींत नियम आहेत तसेच पाळायचे. मर्यादा स्पष्ट असल्या की त्यांच्या आत माणसे मोकळेपणाने वागतात.

पाचवी पायरी: नदीच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या

सांगलीत विरंगुळ्याच्या जागांचा विचार कृष्णेला सोडून करता येत नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २००५ आणि २०२१ चे महापूरही सर्वांच्या स्मरणात आहेत. कोयनेतून विसर्ग वाढला की घाट, काठावरची मैदाने आणि सखल भागातील बागा पाण्याखाली जातात, आणि पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेल्या त्याच जागा पुन्हा उभ्या कराव्या लागतात.

नव्या कल्पनेला ही अट अडचणीची वाटते. मला मात्र ती चांगली शिस्त लावणारी वाटते. काठावर जे ठेवायचे ते काढता आले पाहिजे, म्हणजेच जे ठेवायचे ते बदलता येण्यासारखे असले पाहिजे. सिमेंटच्या बैठकांऐवजी उचलता येणारे बाक, पायाला बोल्टने जोडलेले आणि अर्ध्या दिवसात सुटणारे खेळसाहित्य, चाकांवरचे ग्रंथालय, कापडी मंडपाचा छोटा रंगमंच, अशा गोष्टी तिथे शोभतात. प्रत्येक वस्तूवर ती किती फुटांच्या पातळीला हलवायची तो आकडा रंगवून ठेवावा, आणि ती कोणत्या गोदामात जाईल हे जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलेले असावे. साहित्य हलवण्याचा सराव पाऊस सुरू होण्याआधी एकदा प्रत्यक्ष करावा, कारण पूर येतो तेव्हा विभागाची निम्मी माणसे निवारा केंद्रांच्या कामावर गेलेली असतात.

इथे आणखी एक सांगायला हवे. पुरात शाळांमध्ये आणि सभागृहांत कुटुंबे राहायला येतात तेव्हा मुलांना दिवसच्या दिवस करायला काही नसते. उद्यान आणि क्रीडा विभागाने एक पेटी कायम तयार ठेवावी. तिच्यात दोऱ्या, चेंडू, रंगीत खडू, कॅरम, गोष्टींची पुस्तके आणि ती पेटी चालवायला शिकलेल्या दोन माणसांची नावे असावीत. हे काम आपल्या विभागाचे नाही असे कोणी म्हणाले तर ते ऐकू नये. त्या दिवसांत मुलांना खेळायला देणारे दुसरे कोणीही तिथे नसते.

काठावरच्या कार्यक्रमांत पाण्यात उतरण्याचा भाग असेल तर वन विभागाशी आधी बोलावे, कारण कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. होड्यांच्या शर्यतींची इथली परंपरा मोठी आहे. पावसाळ्यात त्या पाहायला काठावर लोक लोटतात, आणि त्या गर्दीसाठी बसायची जागा, सावली, पिण्याचे पाणी व लहान मुलांसाठी कठड्यामागची सुरक्षित जागा एवढे जरी विभागाने नीट केले तरी ती मोठी सुधारणा होईल.

सहावी पायरी: पैसा

पहिले प्रयोग बिनखर्चाचे असावेत. त्यानंतर जो खर्च येतो त्यासाठी नवे लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाचे सदर) मागण्याआधी जुनी वाचावीत. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांग कल्याणासाठी प्रत्येकी ५ टक्के तरतूद राखून ठेवायची असते, आणि अनेकदा ती वर्षअखेर घाईने खर्ची पडते. बागेतील उतार १:१२ (बारा फूट लांबीला एक फूट चढ) पेक्षा तीव्र नसावा हा साधा निकष पाळून केलेला रॅम्प, चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचेल अशा उंचीची वाळूची पेटी, मुलींच्या मैदानाजवळचे स्वच्छतागृह, ही कामे त्या निधीत बसतात. प्रस्ताव नोव्हेंबरच्या आत मोजणी तक्त्यासह तयार ठेवावा, म्हणजे अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्याजवळ आकडे असतात.

लेखापरीक्षणाच्या आक्षेपाची भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी ठेवली जाते. आक्षेप येतो तो कागद नसल्यामुळे किंवा कार्यपद्धती डावलल्यामुळे. प्रयोग फसला म्हणून आक्षेप आल्याचे मी पाहिलेले नाही. प्रयोगपत्र, मोजणी, दरपत्रके आणि समारोपाचे एक पान नस्तीत असेल तर सांगण्यासारखे पुष्कळ असते.

सातवी पायरी: शहरात जे आहे त्याला हात घाला

दर जिल्ह्यात तीच हिरवी-पिवळी ओपन जिम आणि तीच प्लास्टिकची घसरगुंडी बसते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपल्या शहरांना स्वतःचे असे पुष्कळ आहे. मिरजेत सतार आणि तानपुरा घडवणाऱ्या कारागिरांची घराणी आहेत, आणि या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या भोपळ्यांचा आकार वाद्याला जमत नाही, जे लाकूड तुकड्यांत उरते आणि ज्या तारा टाकून दिल्या जातात, त्यांतून गणेश तलावाजवळ मुलांसाठी नादाचा एक कोपरा उभारता येईल. तिथे मुलांनी वाजवायचे, ऐकायचे आणि भोपळा मोठा असला की आवाज का बदलतो ते हाताने समजून घ्यायचे. कारागिरांकडून ही गोष्ट फुकट मागू नये. त्यांच्या वेळेचे मानधन प्रस्तावात लिहावे.

तालमींच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. मारुती माने यांच्यासारखा हिंदकेसरी मल्ल या जिल्ह्यातल्या कवठेपिरानचा. तालमीतले वस्ताद लहान मुलांना पडायचे कसे, उठायचे कसे हे जितके चांगले शिकवतील तितके कोणतेही यंत्र शिकवणार नाही. मुलींसाठी वेगळी वेळ आणि स्त्री प्रशिक्षक यांची अट घालून एखाद्या तालमीशी करार करावा. मंडळे आणि संस्था यांच्याशी काम करताना मात्र जागा कोणाच्या नावावर जाता कामा नये. वेळ ठरावीक, मुदत लेखी, आणि त्या वेळेबाहेर जागा सर्वांसाठी खुली, हे कराराच्या पहिल्याच कलमात असावे.

आठवी पायरी: फसलेला प्रयोग नीट बंद करा

मुलींसाठी रोज संध्याकाळी पाच ते सहा हा राखीव तास ठेवण्याचा प्रयोग आम्ही एका मैदानावर केला होता. फलक लावला, शिक्षिका नेमली, शाळांना पत्रे दिली. पहिल्या आठवड्यात अकरा मुली आल्या, दुसऱ्यात चार, आणि तिसऱ्यात एकही नाही. तासभर मैदान रिकामे ठेवल्याबद्दल मुलांच्या पालकांनी तक्रार केली, आणि ती योग्यच होती. प्रयोगपत्रात लिहिल्याप्रमाणे तिसऱ्या आठवड्याअखेर आम्ही तो बंद केला.

बंद केल्यानंतरच्या सोमवारी आम्ही जुना मोजणी तक्ता पुन्हा काढला. शनिवारी दुपारच्या खान्यात मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मुलींची नोंद होती, आणि ती आमच्याच हाताने लिहिलेली होती. संध्याकाळी पाचला मुली शिकवणीला जातात, शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपारी त्या मोकळ्या असतात, हे आम्ही लक्षातच घेतले नव्हते. शनिवार दुपारचे दोन तास ठेवले, सावलीसाठी कापड बांधले, आणि तो उपक्रम टिकला. शिक्षिकेला या सगळ्यात एकही खुलासा द्यावा लागला नाही. मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते, कारण पुढच्या वर्षी नव्या तीन कल्पना तिनेच आणल्या.

समारोपाच्या पानावर काय केले, काय झाले, काय कळले आणि पुढे काय, एवढे चार परिच्छेद पुरतात. "अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही" या वाक्यावर ते पान संपवू नये. प्रतिसाद का मिळाला नाही हे लिहिल्याशिवाय नस्ती बंद करायची नाही, असा नियम घालून घ्यावा.

नववी पायरी: बदलीची तयारी पहिल्या दिवसापासून

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना नवे काही रचायला सांगितले, साधने दिली, आणि 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण आहे. एखाद्या राज्यकर्त्याने तरुण कलावंतावर विश्वास ठेवून करमणुकीचा एक अख्खा प्रकार घडवून आणल्याचे इतके ठळक उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही. पण १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगावी दौरे करावे लागले. आधार एका माणसात होता आणि तो माणूस गेल्यावर आधारही गेला.

आजचा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, कधी त्याआधीही. त्यामुळे जे चालले आहे ते त्याच्या उत्साहावर न ठेवता नोंदींवर आणि सवयीवर ठेवावे लागते. सोमवारची बैठक दर तिसऱ्या आठवड्याला अधिकाऱ्याविना, मुकादमाने चालवावी, म्हणजे ती अधिकाऱ्याविनाही होते हे सर्वांना दिसते. सहा महिने टिकलेला प्रत्येक उपक्रम विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात ठरावाने घालून घ्यावा. पदभार देताना नव्या अधिकाऱ्याला नस्त्यांच्या यादीबरोबर एक फेरी घालून आणावी, आणि त्या फेरीत प्रत्येक जागेची माहिती तिथल्याच माळ्याला, वॉचमनला किंवा शिक्षिकेला सांगू द्यावी.

प्रयोगपत्रे, मोजणी तक्ते आणि समारोपाची पाने एका नोंदवहीत चिकटवावीत आणि तिच्या दोन प्रती कराव्यात. एक मुख्यालयात राहील. दुसरी बागेतल्या चौकीत, माळ्याच्या कपाटात ठेवावी, पूरपातळीच्या वरच्या फळीवर, कारण बदलीच्या आदेशाबरोबर ते कपाट हलत नाही.